गेमिंग लॅपटॉप हवाय: ताकदवान, पण रोज पाठीवर नेता येईल असा

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा, सध्या पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. लॅपटॉप घ्यायचाय. अभ्यासासाठी कोडिंग, आवड म्हणून ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर). गेम्स म्हणाल तर रात्री मित्रांसोबत व्हॅलोरंट, आणि सुट्टीत सायबरपंक, एल्डन रिंग असं मोठं काहीतरी. लॅपटॉप रोज कॉलेजला जाणार आणि सुट्टी लागली की एसटीने घरी येणार, म्हणून दोन किलोच्या आतला हवाय. बजेट सव्वा लाख. खरंच चांगलं मिळत असेल तर बाबा दीडपर्यंत ताणायला तयार आहेत.

टिळक रोडवर काही दुकानं फिरलो. सगळीकडे एकच उत्तर, "४०६० घे डोळे झाकून." पण आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड २.४ किलोच्या लॅपटॉपमध्येही दिसतं आणि १.४६ किलोच्या असुस टफ ए१४ मध्येही. कार्ड एकच, मग किलोभर वजन गेलं कुठे? हलका घेतला तर नक्की काय सोडावं लागतं? जाणकारांनी सांगा.

रातकिडा
खेळणं रूमवरच होणार असेल तर डेस्कटॉप बांध आणि कॉलेजसाठी साधा हलका लॅपटॉप घे. लॅपटॉपच्या कार्डांची नावं फसवी असतात. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव तेच, माल वेगळा.

कोयनाकाठ
रूममध्ये तिघे आहोत दादा, टेबल अर्धंच माझ्या वाट्याला येतं. दरवर्षी रूमही बदलते. डेस्कटॉप नाही जमणार.

फ्रेममोजणी
तुझा प्रश्न योग्य जागी लागलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

'४०६०' हे चिपचं नाव आहे. ती चिप किती वीज ओढू शकेल हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. त्याला टीजीपी म्हणतात आणि ते वॅटमध्ये सांगतात. एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ४०६० ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मुभा दिली आहे. त्यावर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून कार्डाकडे वळवलेले, २५ मिळवून काही कंपन्या जाहिरातीत १४० लिहितात. पूर्वी हलक्या लॅपटॉपमधल्या कमी वॅटच्या कार्डाला 'मॅक्स-क्यू' असं शेपूट असायचं, ते वाचून निदान अंदाज यायचा. ३००० सिरीजपासून, म्हणजे २०२१ पासून, ते शेपूट नावातून गेलं. आता वॅट आपणच शोधायचे. कंपनीच्या संकेतस्थळावर स्पेसिफिकेशनच्या पानात तळाशी बारीक अक्षरात सापडतात. दुकानात मशीन चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघड, तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे बरं, कारण बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

ही झाली अर्धी गोष्ट. तुझा निर्णय उरलेल्या अर्ध्यावर आहे: वॅट वाढले की फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, त्याच प्रमाणात वाढत नाहीत. ३५ वरून ६५ वर गेलास तर फरक मोठा. ६५ वरून ९० वर गेलास तर बऱ्यापैकी. ९०-१०० च्या पुढे मात्र ४०६० मध्ये जवळपास काही हाती लागत नाही. ४०५०, ४०६० आणि ४०७० या तिन्ही लॅपटॉप चिपना व्होल्टेजची मर्यादा आहे, त्यामुळे शंभरच्या आसपास त्या आपल्या कमाल क्लॉकला, म्हणजे वेगाला, टेकतात. १४० लिहिलेला लॅपटॉपसुद्धा बहुतेक गेममध्ये शंभराच्या घरातच वीज ओढतो. वरचे वॅट नुसते कागदावर.

आता हलके लॅपटॉप बघ. टफ ए१४ मध्ये ४०६० ला १०० वॅट मिळतात. झेफिरस जी१४ च्या २०२४ च्या मॉडेलमध्ये ९०. एचपी ओमेन ट्रान्सेंड १४ मध्ये ६५. पहिल्या दोघांत तू जवळजवळ पूर्ण ४०६० दीड किलोत घेऊन फिरशील. तिसरा वाईट नाही, स्क्रीन सुंदर आहे, पण फ्रेम्समध्ये मागे पडेल.

गेलेलं किलोभर वजन म्हणजे तांब्याच्या जाड पट्ट्या, मोठे पंखे, मोठी स्क्रीन आणि सुटसुटीत, उघडून बदलता येईल अशी मांडणी. त्यातली स्क्रीन सोडली तर बाकीच्याचा परिणाम आवाजात आणि तापमानात दिसतो. छोट्या अंगात तेवढीच उष्णता बाहेर टाकायची म्हणजे पंखे जोरात फिरणार. रूममध्ये तिघे आहात, रात्री हेडफोन तुझ्या कानावर असेल, त्या दोघांच्या नाही. हा विचार आधी कर.

बोरकूट
मी जरा वेगळं सांगतो. २.४ किलोवाल्यांना नावं ठेवू नका. लेनोव्हो लॉक, टफ ए१५ या वर्गात तेच कार्ड बऱ्याच कमी पैशात मिळतं. रॅमचे दोन स्लॉट असतात, आज १६ घ्यायची, नंतर ३२ करायची. चौदा इंचीमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, घेतली तेवढीच जन्मभर. वडिलांचे पैसे आहेत, एका किलोसाठी एवढी रक्कम मोजायची का? मी डोंबिवली लोकलने जाड लॅपटॉप घेऊन जातो, सवय होते.

तिसरी घंटा
बोरकूट, रॅमचं अगदी बरोबर. वजनाचं मात्र पटत नाही.

मी नाटकांसाठी व्हिडिओ प्रोजेक्शनचं काम करते, दौऱ्यावर लॅपटॉप सतत पाठीवर असतो. खोक्यावर लिहिलेलं वजन फक्त लॅपटॉपचं असतं. २.४ किलोच्या मशीनबरोबर २३० किंवा ३०० वॅटचा वीटभर अडॅप्टर येतो, जाड केबलसकट. तो धरला की तीन किलोच्या पुढे गेलात. वर पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. एसटीत सीट मिळाली नाही तर ती बॅग कराडपर्यंत खांद्यावर.

चौदा इंची मशीनचा खरा फायदा इथे आहे. यातले बरेच यूएसबी-सी वर १०० वॅटपर्यंत चार्ज होतात. मोठा अडॅप्टर हॉस्टेलच्या टेबलाला लावून ठेवायचा आणि बॅगेत मुठीएवढा गॅन चार्जर (नव्या तंत्राचा छोटा चार्जर) टाकायचा. वर्गात नोट्स, कोडिंग, ब्लेंडरमध्ये हलकं मॉडेलिंग, सगळं त्यावर चालतं. फक्त त्या चार्जरवर मोठा गेम पूर्ण जोरात चालणार नाही, तेवढी वीज मिळतच नाही. ओमेन ट्रान्सेंडचा तर मूळ चार्जरच १४० वॅटचा यूएसबी-सी आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. खरेदी करताना विचार: टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो का, आणि किती वॅट? पोर्ट दिसतो म्हणून चार्जिंग होईलच असं नाही.

कोयनाकाठ, अजून एक. दुकानात लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून बघू नकोस. एका कोपऱ्याला धरून उचल. बॉडी कुरकुरते का, कीबोर्डचा मधला भाग दबतो का, ते लगेच कळतं. रोज बॅगेत कोंबला जाणाऱ्या मशीनचं बिजागर आणि झाकण हेच आधी मोडतात.

वैदर्भी
नागपूरकडून उन्हाळ्याबद्दल लिहिते, कारण ऑनलाइन रिव्ह्यू बहुतेक एसी रूममध्ये बसून केलेले असतात.

लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २५ अंशांची असताना चिप ८० वर राहत असेल, तर खोली ४० झाली की चिपसुद्धा साधारण पंधरा अंशांनी वर चढते. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतो, वेग कमी करतो. मग फ्रेम्स पडतात आणि लोक म्हणतात लॅपटॉप खराब निघाला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी खेळायचंच नाही, रात्री अकरानंतर. पुण्यात तेवढं नसतं, पण एप्रिलच्या दुपारी हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर बसणार असशील तर फरक पडेलच.

चार गोष्टी मी नेहमी करते. फ्रेम्सची मर्यादा ६० किंवा ९० ला बांधते. कार्ड उगाच पूर्ण जोर लावत नाही, तापमान आणि आवाज दोन्ही लगेच उतरतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ची ९९ टक्के करते; त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो आणि ग्राफिक्सवर चालणाऱ्या गेममध्ये फारसं नुकसान होत नाही. लॅपटॉपचा मागचा भाग दोन बोटं उचलून ठेवते. आणि कधीही गादीवर ठेवून खेळत नाही, कारण हवा घेण्याच्या जाळ्या खालीच असतात.

कूलरची हवा थेट लॅपटॉपवर मारू नका, ओलसर हवा असते ती.

कोयनाकाठ
तिसरी घंटा ताई, वैदर्भी ताई, खूप धन्यवाद. चार्जरचं तर डोक्यातही नव्हतं.

बॅटरीवर किती वेळ खेळता येईल? आणि एका दुकानात रायझन ७ ७४३५एचएस प्रोसेसर आणि ४०६० वाला लॅपटॉप बजेटच्या बराच खाली दाखवला. "आठ कोअरचा रायझन ७ आहे" म्हणाले. घ्यावा का?

फ्रेममोजणी
बॅटरीवर खेळायचं स्वप्न सोड. प्लग काढला की कार्डाचे वॅट निम्म्याहून खाली येतात, आणि तरीही तास-दीड तासात खेळ संपतो. कोणत्याही कंपनीचा घे. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९.९ वर थांबते. चौदा इंचींमध्ये ७०-७५ च्या आसपास असते. टफ ए१४ आणि जी१४ दोन्हींत ७३.

७४३५एचएस तुझ्यासाठी नको. त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्स नाहीत. बाकी लॅपटॉपमध्ये साधं काम करताना मोठं कार्ड झोपलेलं असतं आणि प्रोसेसरमधले छोटे ग्राफिक्स स्क्रीन सांभाळतात. याच्यात छोटे नाहीतच, त्यामुळे वर्ड उघडलं तरी मोठं कार्ड जागं. वर्गात बॅटरी बघताबघता उतरेल. घरी प्लगला लावून खेळणाऱ्याला पैसे वाचवून देणारा प्रोसेसर आहे, रोज बॅग उचलणाऱ्याला नाही.

रायझनची ७००० सिरीज वाचायची असेल तर तिसरा आकडा बघ. ७४३५ मध्ये तो ३, म्हणजे झेन ३ पिढी. ७८४० मध्ये ४, म्हणजे झेन ४. नावात ७ हजार असल्याने दोन्ही सारखेच नवे वाटतात, आतून तसं नाही.

बोरकूट
७४३५ बद्दल सहमत. मीही प्रवास करणाऱ्याला तो सांगणार नाही.

पण सोल्डर्ड रॅमचं काय? १६ मध्ये चार वर्षं निघतील का? ब्लेंडर आहे त्याचं.

फ्रेममोजणी
रास्त प्रश्न. आजच्या गेम्सना १६ पुरते. ब्लेंडरमध्ये मोठा सीन, शेजारी ब्राउझर, असं केलं की १६ कमी पडायला लागते. ३२ चं मॉडेल मिळत असेल आणि पैसे पोचत असतील तर कार्ड एक पायरी वर नेण्यापेक्षा रॅम घे. हे मी ठामपणे सांगतो, कारण लोक नेमकं उलटं करतात. लॅपटॉपच्या ४०७० मध्येही ८ जीबीच व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे. नव्या ५०६० आणि ५०७० मध्येही तेवढीच. ५००० सिरीजमध्ये १२ जीबी हवी तर ५०७० टीआय पर्यंत जावं लागतं, ते तुझ्या बजेटच्या पलीकडचं. म्हणजे ४०७० किंवा ५०७० साठी जास्तीचे पैसे मोजूनही भिंत तीच. २०२४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या गेमची किमान मागणीच ८ जीबीच्या कार्डाची होती. त्यामुळे टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) 'हाय' वर ठेवायची तयारी ठेव, 'अल्ट्रा' चा हट्ट नको.

५०६० वाला मॉडेल त्याच भावात आला तर जरूर घे. मेमरी नव्या पिढीची आहे आणि डीएलएसएसचं (कमी रिझोल्युशनवर चित्र बनवून ते मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) मल्टी फ्रेम जनरेशन मिळतं. मात्र ते तंत्र मधल्या फ्रेम्स स्वतः तयार करून भरतं. मुळात गेम ५०-६० फ्रेम्सवर चालत असेल तरच छान वाटतं. मूळ २५ असताना आकडा शंभर दिसेल, पण माऊस जड लागेल. व्हॅलोरंटला याची गरज नाही, तो प्रोसेसरवर चालणारा हलका गेम आहे.

तिसरी घंटा
स्क्रीनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगते. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे कमी रंग दाखवणारा, पॅनेल असतो. १४४ हर्ट्झ मोठ्या अक्षरात, हे बारीक. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो. ब्लेंडरमध्ये मटेरिअल बसवणार असशील तर १०० टक्के एसआरजीबी (रंगांचा प्रमाणित पट्टा पूर्ण दाखवणारा) हवाच. या चौदा इंचींमध्ये पॅनेल चांगलेच येतात. ओलेड फार देखणा, पण चकचकीत असतो आणि खिडकीच्या उजेडात आपलाच चेहरा दिसतो. कॉलेजसाठी मी मॅट आयपीएस निवडेन.

रिझोल्युशन जास्त म्हणजे काम जास्त, हेही लक्षात घे. १९२० बाय १२०० म्हणजे २३ लाख पिक्सेल, २५६० बाय १६०० म्हणजे जवळपास ४१ लाख. मोठ्या गेममध्ये डीएलएसएस 'क्वालिटी' वर ठेवलास की निभतं.

माईनकाठ
फ्रँकफर्टहून. इकडचे कुणी नातेवाईक आणणार असतील तर थोडं सांगतो. १८ वर्षांवरील प्रवाशाला भारतात येताना एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचे असतात, त्याची काळजी नको. पण जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायची अदलाबदल असते, कंसही भलतीकडे. आणि वॉरंटी भारतात चालेल का हे मॉडेलगणिक बदलतं. कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या भाच्यासाठी नेलेल्या लॅपटॉपचा पंखा बिघडला तेव्हा सर्व्हिस सेंटरने सरळ हात वर केले. भाव थोडा जास्त पडला तरी भारतातच घे बाळा, पक्क्या बिलावर.

रातकिडा
डेस्कटॉप नाही म्हणतोस तर हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र? असुस रॉग अलाय भारतात अधिकृतपणे मिळतो, सहाशे ग्रॅमच्या आसपास. स्टीम डेकची इथे अधिकृत विक्री नाही.

वैदर्भी
त्यावर ब्लेंडर कसं करेल? आणि व्हॅलोरंट पॅडवर खेळता येत नाही, कीबोर्ड-माऊस लागतोच. त्याला एकाच यंत्रात दोन्ही हवंय.

कोयनाकाठ
काल पुन्हा टिळक रोडला गेलो. कंट्रोल पॅनेल उघडायला सांगितलं तर दुकानातले काका आधी चमकले, मग स्वतःच रस घेऊन तीन मॉडेल्स दाखवली. एकावर ४०६० ला कमाल १०० वॅट, दुसऱ्यावर १४०. दोन्ही शेजारी ठेवून फ्रेममोजणी दादांचं म्हणणं सांगितलं. कोपऱ्याला धरूनही उचलून पाहिलं. चौदा इंचीचा मधला भाग अजिबात दबला नाही.

टफ ए१४ नक्की करतोय. दसऱ्याच्या सेलची वाट बघणार आहे, तेव्हा बजेटमध्ये बसला तर. नाही बसला तर बोरकूट काकांचा लॉक, पण ७४३५ सोडून.

एक शंका राहिली. काही लॅपटॉपच्या अडॅप्टरला गिझरसारखा जाड १६ अँपियरचा प्लग दिसला. हॉस्टेलच्या रूममध्ये सगळे ६ अँपियरचेच सॉकेट आहेत. असा निघाला तर?

बोरकूट
घाबरू नकोस. २३० वॅटचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर एखाद-सव्वा अँपियरच घेतो. अडॅप्टरमध्ये शिरणारं टोक तेच असलेली, ६ अँपियर प्लगची आयएसआय मार्कवाली केबल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, ती लाव. कन्व्हर्टरचे डबे लावू नकोस, ते सैल होतात आणि ठिणग्या उडतात. आणि तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, चालू आहे का ते वॉर्डनला सांगून तपासून घे. मेटल बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समज अर्थिंग नाही.

१४ इंची घेतोयस तर घे. वरचं सगळं वाचून मलाही पटलंय की तुझ्या वापराला तोच बरा. रॅम ३२ ची मिळते का तेवढं मात्र बघच.

फ्रेममोजणी
ऑनलाइन मागवलास तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढ, सील फोडण्याआधीपासून. बदलून घ्यायची मुदत फार थोडी असते, म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरी, काळी, लाल अशी चित्रं लावून मृत पिक्सेल बघ, सगळे पोर्ट आणि टाइप-सी चार्जिंग तपास, आणि एखादा जड गेम सलग तासभर चालव. सुरुवातीच्या पाच मिनिटांतल्या फ्रेम्स आणि तासाभरानंतरच्या फ्रेम्स यांत मोठी तफावत आली तर लगेच तक्रार टाक. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर घालून वॉरंटीची तारीख तुझ्या बिलाशी जुळते का ते बघ. जुनी दिसली तर बिल अपलोड करून दुरुस्त करून मिळते. रूमवर प्लगलाच असतो तेव्हा बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असुसच्या ॲपमध्ये आहे, ती चालू ठेव आणि एसटीने निघण्याच्या आदल्या रात्री तेवढी पूर्ण भर.